घरघर आणि धाप

माणदेशात थंडी उतरली की बाळंतिणीच्या खोलीला ठरावीक वास येतो. शेगडीतल्या गोवरीच्या विस्तवावर ओवा, वावडिंग आणि बाळंतशेपा पडतात, धूर बाजेखालून वर चढतो, सहाणेवर वेखंड उगाळून झालेलं असतं आणि तव्यावर ओव्याची पुरचुंडी तापत असते. महिना-दीड महिन्याचं लेकरू आजीच्या मांडीवर पालथं. आजी त्याच्या पाठीवर तळहात ठेवते, क्षणभर थांबते आणि निदान सांगून टाकते, "छाती वाजतीया."

या निदानाला आपल्याकडे शब्दांची कमी नाही. छाती वाजणं, छाती भरणं, कफ साठणं, गळा घरघरणं. त्याच्या पुढचे शब्दही आहेत: पोट उडणं, बरगड्या ओढणं, धाप लागणं. पहिली चौकडी कानाने आणि हाताने कळणारी आहे, दुसरी तिकडी डोळ्यांनी दिसणारी. रोजच्या बोलण्यात या दोन्हींची सरमिसळ होते. उपाय बहुतेक पहिल्यावर केले जातात, जीव मात्र दुसऱ्यामुळे जातो. तान्ह्या बाळाच्या छातीतल्या कफाचा सगळा प्रश्न या सरमिसळीत अडकला आहे.

आधी घरघर. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्या नाकाची वाट इतकी अरुंद असते की थोडी सूज आली, थोडा शेंबूड सुकला, तरी ती निम्मी होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. मोठ्या माणसाला जे साधं पडसं, ते बाळाला अंगावर दूध पिताना गुदमरवतं, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तिन्ही कामं त्याला एकाच वेळी करायची असतात. त्यातून बाळाला खाकरता येत नाही, थुंकता येत नाही. घशात आलेला कफ ते गिळतं. तो शीतून जातो, नाहीतर एखाद्या उलटीबरोबर बाहेर पडतो आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पाठीवर हाताला जाणवणारी घरघर पुष्कळदा नाकातल्या आणि घशातल्या या कफाचीच असते. बाळाच्या छातीची भिंत पातळ असल्यामुळे वरचा आवाज खालपर्यंत ऐकू येतो. असं घरघरणारं बाळ दूध ओढत असेल, हसत असेल, नीट झोपत असेल, तर हे पडसं आठवडा-दोन आठवड्यांत आपल्या पायांनी निघून जातं. मधल्या काळात जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. घरगुती उपायांची ख्याती वाढते ती बरीचशी अशी.

त्या उपायांकडे सरसकट नाक मुरडायचं कारण नाही. ओव्याची पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून पाहिली आणि मग बाळाच्या छातीला-पाठीला शेकली तर ऊब मिळते. कफ पातळ होतो असं नाही, पण बाळ निवांत होतं आणि आजीचा हात काही वाईट करत नाही. लसणाच्या पाकळ्या तळलेलं तेल कोमट करून तळपायांना चोळलं तर तेवढंच. अडचण सुरू होते ती उपाय कातडीवरून आत शिरला की. मालिश करताना नाकात तेलाचे दोन थेंब सोडायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. तेलाचा गुण असा की त्याने ठसका लागत नाही. त्यामुळे ते श्वासनलिकेतून निमूटपणे फुप्फुसात उतरतं आणि तिथे वेगळाच न्यूमोनिया करतं, जो औषधांना लवकर दाद देत नाही. तोंडाने फुंकर मारून नाक साफ करणारी मालिशवाली बाई स्वतःचं पडसं बाळाच्या नाकात पोचवते. सहाणेवरची गुटी कोणत्या पाण्यात उगाळली आणि सहाण कधी धुतली, हेही कुणी विचारत नाही. तुळशीच्या रसात कालवलेला मध तर एक वर्षापर्यंत चाटवूच नये. मधात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होतं आणि अंग लुळं पडतं. कुठे दाराआडची बाटली काढून छातीला ब्रँडी चोळतात आणि दोन थेंब तोंडातही सोडतात. दोन थेंबांनी काय होतंय, असं ते सोडणारा माणूस म्हणतो.

सर्वांत फसवा पदार्थ कापूर. देवघरातला म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. खोबरेल तेलात विरघळवून छातीला लावतात, कापडात बांधून झबल्याला अडकवतात. मोठ्या माणसाला कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण ते वाटणंच असतं, नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची ती फसगत आहे, वाट रुंद होत नाही. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅमच्या आसपास कापूर गेला तरी झटके येऊन जिवावर बेतू शकतं. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर-मेंथॉलचे मलम लावू नयेत असं त्यांच्या वेष्टनावरच छापलेलं असतं. अक्षर मात्र इतकं बारीक की रात्री दोन वाजता, दिव्याच्या उजेडात, कुणी वाचेल अशी अपेक्षा नसावी.

बिब्बा त्याहून जहाल. त्याच्या तेलाने कातडीला फोड येतात, तरी ते सुईच्या टोकाने बाळाच्या पोटावर टेकवतात. या रीतीचं टोक मेळघाटात दिसतं. तिथे तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देण्याला 'डंबा' म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या सिमोरी गावात २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे ६५ चटके आढळले आणि महाराष्ट्र हादरला. हादरण्यापलीकडे एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी होती: चटके पोटावरच का? बाळाचा श्वास छातीपेक्षा पोटाच्या पडद्यावर चालतो. फुप्फुस भरलं की पोट जोरजोराने उडतं, फुगल्यासारखं दिसतं. गडचिरोलीकडे न्यूमोनियासाठी 'डब्बा' आणि 'लहाक' असे शब्द होतेच. लोकांनी खूण बरोबर ओळखली होती. आजार तेवढा त्यांनी वीतभर खाली मानला.

शहरातला उपाय बाटलीतला. मराठी माणसाची इथे एका शब्दाने भलतीच फसगत केली आहे. 'कफ सिरप'मधला 'कफ' हा इंग्रजीतला खोकला आहे. आपण तो आपला कफ समजतो आणि हे औषध छातीतला कफ काढतं, असं धरून चालतो. प्रत्यक्षात यातली कित्येक औषधं खोकला दाबतात, म्हणजे कफ बाहेर फेकायचं बाळाजवळचं एकमेव साधन काढून घेतात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन या जोडीचं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने आणखी स्पष्ट सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची आणि सर्दीची औषधं देऊच नयेत. ते सांगण्याची वेळ आणली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याने. तिथली मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत येत होती. त्यांनी घेतलेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. वीसहून अधिक मुलं दगावली. महाराष्ट्राला हे विष नवीन नव्हतं. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने भेसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. मधल्या चाळीस वर्षांत विषाचं नाव बदललं नाही, बाटली बदलली.

'वाफ' या शब्दाचंही तसंच. एक वाफ पातेल्यातली. तिच्याने बाळाचा कफ सुटतो याला पुरावा नाही, मात्र पातेलं कलंडून भाजल्याची पुष्कळ उदाहरणं आहेत. दुसरी वाफ मशीनची, म्हणजे नेब्युलायझरची. ती वाफ नसतेच, औषधाचे बारीक तुषार असतात. दम्याच्या मुलाला त्यांनी उतार पडतो. पण थंडीत एक वर्षाखालच्या बाळांची छाती भरते ती बहुतेकदा ब्राँकिओलायटिसने, म्हणजे श्वासनलिकेच्या अगदी बारीक फांद्यांना विषाणूमुळे आलेल्या सुजेने. आरएसव्ही हा त्यातला मुख्य विषाणू. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१४ च्या मार्गदर्शनात या आजारात सालब्युटामॉलची वाफ नको, स्टिरॉइड नको, पाठ थोपटायची फिजिओथेरपी नको आणि जिवाणूंचा संसर्ग नसेल तर अँटिबायोटिकही नको, असं म्हटलं. उरतं काय? लागेल तसा ऑक्सिजन, दूध किंवा सलाइन, आणि वाट पाहणं. दवाखान्यात मुलाला घेऊन गेलेल्या बापाला 'वाट पाहा' या सल्ल्याची फी द्यायला जड जातं, म्हणून मशीन लावलं जातं.

घरी करण्यासारखं जे उरतं ते फार थोडं आणि फार साधं आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे सलाइनचे, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचे, एक-दोन थेंब पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सोडायचे. शेंबूड मऊ झाला की धुतलेल्या सुती कापडाची वात करून तो टिपून घ्यायचा. अंगावर पाजायचं, पण एका वेळी थोडं आणि जास्त वेळा. पाजून झालं की खांद्यावर उभं धरायचं. कुंची-दुपटं असावं, पण पाच कपड्यांत बाळ घामेजलं तर ते कपडे कमी करावेत. डोक्याखाली उशी ठेवली की मान पुढे वाकते आणि वाट आणखी बंद होते. आईच्या उघड्या छातीवर, वरून घोंगडी पांघरून ठेवलेलं बाळ सर्वांत नीट उबदार राहतं, आणि माणदेशात घोंगडी कुणाला शिकवावी लागत नाही.

आता धाप. ती ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही, हे जगाला कळलं ते डॉक्टर नसलेल्या मुलखांतून. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या गोरोका इथे फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आहे की नाही, हे मिनिटाला किती श्वास यावरून बऱ्यापैकी सांगता येतं. १९८८ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी भारतातल्या मुलांवर ते पारखलं. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेचे आजचे आकडे ठरले: दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास.

हे आकडे खेड्यात उतरवून दाखवले महाराष्ट्राने. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली, त्या सुमारास तिथे हजार जिवंत जन्मांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. १९८८ मध्ये ५८ गावांत त्यांनी आरोग्यसेवक आणि दायांना श्वास मोजायला आणि को-ट्रायमॉक्साझोल हे तोंडाने घ्यायचं औषध द्यायला शिकवलं. अनेक दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, बारापर्यंत येत होतं. मग मण्यांच्या पाटीसारखं एक साधन तयार झालं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर औषध सुरू. 'लॅन्सेट'मध्ये जानेवारी १९९० मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू या गावांत हजारी ८.१ होते, तुलनेसाठीच्या ४४ गावांत १७.५. उपचार मिळालेल्या ६१२ आजारांत शंभरात एकाहूनही कमी मूल दगावलं. तुलनेच्या गावांत शंभरातली साडेतेरा. निरक्षर दाईच्या हातातल्या लाल मण्याने एवढं केलं.

मोजायची रीत सोपी आहे, पण घाईची नाही. बाळ झोपलेलं किंवा शांत हवं, रडणाऱ्याचा श्वास मोजून उपयोग नाही. झबलं वर करायचं आणि पोटाचं वर येणं मोजायचं, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची पद्धत नाडीला चालते. तान्ही बाळं मात्र मध्येच पाच-दहा सेकंद थांबून मग भराभर श्वास घेतात, तिथे हा गुणाकार चुकतो. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजावं. मोजताना नजर बरगड्यांखाली ठेवावी. श्वास आत घेताना तिथे खळगा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर असतील, किंवा बाळाने पिणं सोडलं असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. दोन महिन्यांखालच्या बाळात एक फसगत आणखी होते. एवढ्या लहान बाळाला न्यूमोनियात ताप येईलच असं नसतं, उलट अंग थंडगार पडतं. "ताप नाय, म्हंजी काय नाय," हे वाक्य या वयात धोक्याचं आहे.

धुराचं काय? चुलीचा आणि धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसाला वाईट, यात शंका नाही. पण धूर कमी केला की न्यूमोनिया कमी होतो का, या प्रश्नाने संशोधकांना चांगलंच रडवलं आहे. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुली बसवल्या. २०११ मध्ये छापलेल्या निकालात डॉक्टरांनी निदान केलेला एकूण न्यूमोनिया म्हणावा तसा घटला नाही, तीव्र आजार तेवढा घटला. मलावीतल्या सुधारित चुलींनी २०१६ मध्ये निराश केलं. भारतासह (इथे तमिळनाडूत) चार देशांत गर्भवतींच्या घरी गॅस पोचवून पाहिलं, तिथेही २०२४ च्या निकालात बाळांच्या तीव्र न्यूमोनियात ठळक फरक दिसला नाही. कदाचित शेजारची चूल आणि गल्लीतला धूर घरात येतच राहतो. एवढ्यावरून धुरीला अभय मिळालं असं मात्र कुणी समजू नये. त्या प्रयोगांत चूल तपासली, धुरी नव्हे, आणि धुरी असते ती बाळाच्या बाजेखाली, दार लावून.

माणदेशाची पंचाईत वेगळी आहे. पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर. हिवाळा कोरडा, धुळीचा आणि पहाटे बोचरा. दहिवडीहून सातारा साठ-पासष्ट किलोमीटर, आटपाडीहून सांगली ऐंशीच्या आसपास. ग्रामीण रुग्णालयं आहेत, २०१४ पासून १०८ ची गाडी आहे आणि तिच्यात ऑक्सिजन असतो, म्हणून धाप लागलेल्या बाळाला मोटारसायकलवर थंड वाऱ्यातून नेण्यापेक्षा ती बोलवावी. पण ज्या महिन्यांत बाळांच्या छात्या भरतात नेमक्या त्याच महिन्यांत इथलं गाव हललेलं असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बाळ पहाटे चारला उसाच्या फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत, शेकोटीजवळ असतं. मेंढपाळांचा वाडा घोड्यावर बिऱ्हाड आणि लेकरं घालून चराईला उतरलेला असतो. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. ही योजनासुद्धा गडचिरोलीच्याच प्रयोगातून २०११ मध्ये देशभर गेली. पण ती येते तेव्हा घराला कुलूप असेल तर पुढचं सगळं कागदावर राहतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्राने न्यूमोनियासाठी 'सांस' मोहीम सुरू केली, त्यात दवाखान्यात पाठवण्याआधी अमोक्सिसिलिनचा पहिला डोस आशाने द्यायचा आहे. फडावर तो कुणी द्यायचा, हा प्रश्न कारखान्याच्या गेटपाशी येऊन थांबतो.

लस ही या सगळ्यात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट. पेंटाव्हॅलंट लसीतला एक भाग हिब जिवाणूविरुद्धचा, तो दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळतो. न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस दीड आणि साडेतीन महिन्यांना, नंतर नऊ महिन्यांना. ती २०१७ मध्ये काही राज्यांत आली आणि २०२१ मध्ये देशभर पसरली. त्याला हातभार पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने २०२० च्या डिसेंबरात बाजारात आणलेल्या स्वस्त 'न्यूमोसिल'चाही. खासगीत हजारो रुपयांना मिळणारी लस उपकेंद्रात फुकट मिळते. नऊ महिन्यांचा डोस चुकतो तो बहुधा टोळीबरोबर गेलेल्या लेकरांचा. लसीचं कार्ड ट्रंकेत गावी राहतं आणि फडाजवळच्या उपकेंद्रात पहिलाच प्रश्न कार्डाचा असतो.

म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग हा सामुदायिक रेडिओ चालतो. प्रस्तुत लेखकाला तिथे एक कार्यक्रम व्हावासा वाटतो. थंडीच्या चार महिन्यांत रोज रात्री नऊला एक घंटा, मग पूर्ण साठ सेकंद शांतता, मग दुसरी घंटा. तेवढ्या वेळात ज्या घरात खोकणारं बाळ असेल त्यांनी झबलं वर करून मोजावं. वाळूचं घड्याळ घरात नसतं, मोबाईलमध्ये घड्याळ असलं तरी आजीला ते लावता येईलच असं नाही. पण मणी सरकवल्यासारखी ज्वारीचे दाणे एका मुठीतून दुसऱ्या मुठीत टाकून तिला मोजता येईल, दर दहा श्वासांना एक दाणा. दोन महिन्यांखालच्या बाळाला सहावा दाणा पडला की १०८.